सदतीस नंबरचे बूट

माणूस किती उंच होणार हे ताडायला लोक त्याच्या डोक्याकडे बघतात. ओतिलिओ बार्सायो पायाकडे बघायचा, आणि म्हणून त्याला ते सगळ्यांच्या आधी कळायचं. रेसकोर्सच्या मागच्या फाटकाला लागून त्याचं बूट शिवायचं दुकान होतं, चार हात रुंद आणि सहा हात खोल. छत्तीस वर्षांत पनामा शहरातल्या बहुतेक सगळ्या जॉकींचे पाय त्या दुकानातल्या खाकी कागदावर उमटून गेले होते. गिऱ्हाइकाने कागदावर पाय ठेवायचा, ओतिलिओने पेन्सिल उभी धरून भोवती रेघ मारायची, मग टाच ते अंगठा, चवडा, घोटा आणि पोटरी अशी चार मापं वहीत टिपायची. माणसांची नावं तो विसरे, मापं विसरत नसे. बाजारात कुणी पाठमोरं दिसलं की त्याच्या मनात यायचं: साडेतेवीस, पोटरी एकतीस, डावी टाच झिजवणारा.

ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी आमेत दुकानात शिरला आणि स्टुलावर बसून त्याने पाय पुढे केले.

"काका, बूट चावताहेत."

आमेत सोळा वर्षांचा होता आणि रेसकोर्समधल्या जॉकींच्या शाळेत दुसऱ्या वर्षाला होता. ओतिलिओने बूट ओढून काढला. अंगठ्याचं नख काळंनिळं झालं होतं.

"कधीपासून?"

"झाले तीन आठवडे."

"आणि आत्ता सांगतोस?"

"सांगितलं तर तुम्ही माप घ्याल," आमेत म्हणाला. मग हसल्यासारखं करून, "घ्या. आता आलोच आहे."

ओतिलिओने कागद अंथरला, पाय ठेवून घेतला, रेघ मारली, फूटपट्टी लावली. मे महिन्यात हा पाय साडेतेवीस सेंटिमीटर होता. आता पंचवीस होता. त्याने पट्टी उचलून पुसली आणि परत लावली. पट्टीत काही बिघाड नव्हता. पाच महिन्यांत दीड सेंटिमीटर. 

पाय असा सुटतो तेव्हा त्याच्या मागोमाग नडगी सुटते, मग मांडी, मग पाठीचा कणा. सहा महिने, फार तर आठ. हे त्याने शंभर पोरांत पाहिलं होतं. त्यातली नव्वद पोरं पहिल्याच वर्षी शाळेतून बाहेर पडली होती, कुणी भाजीच्या ट्रकवर गेलं, कुणी कालव्यावर, आणि त्यांचं काही वाईट झालं नव्हतं. पण या पोराच्या बाबतीत गोष्ट वेगळी होती.

"किती?" आमेतने विचारलं. तो छताकडे बघत होता.

"तेवढाच आहे."

"मग चावतात कसे?"

"पावसात भिजवतोस आणि पत्र्यावर वाळत टाकतोस. चामडं आटतं. तुला किती वेळा सांगितलंय?"

पोराच्या तोंडावरचा सगळा ताण एकदम सैल पडला. "आई शपथ, मी काय घाबरलो होतो! रात्री गुडघे ठणकतात ना, तर मला वाटलं..."

"घोड्यावर बसणाऱ्याचे गुडघे ठणकतातच," ओतिलिओ म्हणाला आणि वही मिटली. वहीत त्याने पंचवीसच लिहिलं होतं. वहीशी खोटं बोलणं त्याला कधी जमलं नाही.

आता या पोराचं दुखणं ओतिलिओच्या गळ्यात का आलं, ते सांगायला हवं. घोडेवाल्यांच्या शाळेत प्रवेशाची रीतही घोडेवाल्यांचीच. शिंगरू विकत घ्यायचं तर आधी घोडा आणि घोडी बघतात. तसं पोरगं घ्यायचं तर आईबाप. शाळेचे बेलिसारिओ मास्तर स्वतः जुने जॉकी. प्रवेशाच्या दिवशी ते आईबापांना चपला काढून खांबाशी उभं करत, दोघांची उंची घेत, मग पोराची, आणि मग ठरवत की हे झाड किती जाणार. कागदपत्रं, दाखले, चिठ्ठ्या यांना त्यांच्या लेखी किंमत नव्हती. आईबाप समोर उभे पाहिजेत.

आमेतची आई दिग्ना फाटकाबाहेर कढई मांडून होहाल्द्रे तळायची. मैद्याच्या त्या फुगलेल्या पोळ्यांवर अर्धा रेसकोर्स सकाळची न्याहारी करायचा. दिग्ना स्वतः आखूड होती. पण आमेतचा बाप कोलोन बंदरावर क्रेन चालवणारा, एकशे शहाऐंशी सेंटिमीटर, प्रत्येक दारातून वाकून आत येणारा आणि पोरगं तीन वर्षांचं असताना एका दारातून वाकून बाहेर गेलेला. त्याला आणणं शक्य नव्हतं, आणि आणलं असतं तर प्रवेश शक्य नव्हता.

तेव्हा दिग्ना दुकानात येऊन उभी राहिली होती. "डॉन ओतिलिओ, तुम्ही कुणाचे बाप नाही. म्हणजे जागा रिकामीच आहे."

"अगं, पण..."

"अर्ध्या तासाचं काम. चपला काढायच्या, उभं राहायचं, सही करायची."

ओतिलिओ एकशे चोपन्न होता. आयुष्यभर त्या चोपन्नने त्याला फक्त थट्टा मिळवून दिली होती. नाचाला पोरगी मिळाली नाही ती त्यामुळेच, असं तो धरून चालला होता. पहिल्यांदाच कुणीतरी त्या उंचीपायी त्याच्या दारात आलं होतं. तो गेला, उभा राहिला, बापाच्या रकान्यात सही केली. मास्तरांनी त्याला वरपासून खालपर्यंत बघून मान डोलावली. "ओतिलिओ, तुला पोरगं आहे हे मला माहीत नव्हतं."

"मलाही उशिराच कळलं, मास्तर," ओतिलिओ म्हणाला, आणि मास्तर इतके हसले की पुढचं काही विचारायचं राहून गेलं.

त्या दिवसापासून शाळेच्या आवारात आमेत त्याला 'बाबा' म्हणू लागला. आधी डोळा मारून म्हणायचा. नंतर डोळा मारायचं राहून गेलं. तरी दुकानात मात्र 'काका'च.

मंगळवारच्या त्या मापानंतर दोनच दिवसांनी दिग्ना आली, हाताला पीठ तसंच.

"पोरगं म्हणतंय बूट आटले. खरं?"

ओतिलिओने रापी दगडावर घासायला घेतली. दिग्नाला कळायला तेवढं पुरलं. ती स्टुलावर बसली आणि पदर नसलेली बाई जशी एप्रन तोंडाला लावते तसा एप्रन तोंडाला लावला.

"किती?"

"दीड."

"देवा." मग तिने एप्रन खाली घेतला. "नवे करा. पण घट्ट करा. होते तेवढेच."

"दिग्ना, पाय अडवून माणूस अडत नाही."

"तुम्हाला काय माहीत? माझ्या आजीने माझ्या मावशीला असंच ठेवलं होतं. मावशी माझ्या खांद्याला लागते."

"तुझा खांदा कुठे लागतो ते बघ आधी."

ती हसली नाही. "रोज रात्री धाकटीला त्याच्या अंगावरून ओलांडून जायला लावते मी. लहानपणी ओलांडलं की वाढ खुंटते म्हणून आम्हाला किती ओरडायचे! आता रोज सात वेळा ओलांडते ती. तो झोपल्याचं सोंग करतो. कोरी कॉफी पाजते. सिगारेटसुद्धा ओढ म्हटलं मी त्याला, मी, त्याची आई. काही म्हणून लागू पडत नाही." "मार्चमध्ये परवाना आहे हो. फक्त मार्चपर्यंत. एकदा परवाना हातात पडला की वाढू दे मेल्याला आंब्याच्या झाडाएवढा."

ओतिलिओने होकार दिला, आणि त्याच आठवड्यात उलटं केलं. लाकडी फर्मा चाळीस नंबरचा घेतला. पुढचा भाग आखूड दिसावा म्हणून शिवण मागे ओढली, टाच अर्ध्या बोटाने कमी केली, चवड्यावर दोन काळ्या पट्ट्या आडव्या टाकल्या. चाळीसचा बूट सदतीससारखा दिसायला लागला. मग तळाला नंबर छापायची वेळ आली.

हा नंबर महत्त्वाचा होता, कारण आधी पाय वाढतो ही गोष्ट मास्तरांनाही माहीत होती. दर महिन्याच्या मापाला पोरं बूट काढून मोज्यांवर खांबाशी उभी राहत. मास्तर खांबावरची आडवी फळी डोक्यावर टेकवत, आकडा वाचत, आणि मग पोराचा बूट उचलून, उलटा करून, तळावरचा नंबर बघत. पायाकडे ते बघत नसत. शाळेचे सगळे बूट ओतिलिओचे, आणि ओतिलिओचा नंबर म्हणजे पक्का, हे तिथे सूर्य उगवतो इतकं सरळ होतं.

ओतिलिओने ठोकळा गरम केला आणि सदतीस छापला. छत्तीस वर्षांत पहिल्यांदा. ठोकळा दाबताना घसरला आणि सातावर दोन शेपट्या उमटल्या.

"काका, हे बूट म्हणजे मोजे वाटताहेत!" आमेत दुकानात चवड्यांवर उड्या मारत म्हणाला. "आणि नंबर?" त्याने बूट उलटा केला, बघितला, आणि तळाची मुकाट्याने पापी घेतली.

ओतिलिओला वाटलं होतं की भीती इथे थोडी कमी होईल. झालं उलटंच. आता त्याला झोप लागेना. रोज पहाटे पोरं घोडे फिरवायला जाताना दुकानावरून जायची आणि तो फळीच्या फटीतून आमेतची विजार बघायचा. नोव्हेंबरात ती घोट्याला टेकत होती. डिसेंबरात घोटा उघडा पडला. नाताळात दिग्नाने विजारीला खाली पट्टी जोडली, जानेवारीत दुसरी. ही बाई कापड जोडत होती, तो चामडं ओढत होता, आणि दोघांच्या मध्ये पोरगं निमूटपणे वर चाललं होतं.

तोवर आमेतने खाणं सोडलं होतं. सोडलं म्हणजे सकाळी अर्धी होहाल्द्रे, दुपारी बर्फ. बर्फ चघळला की पोटाला काहीतरी गेल्यासारखं वाटतं, असं त्याला वरच्या वर्गातल्या कुणी शिकवलं होतं. गाल आत गेले. उंची वाढायची ती वाढतच होती, फक्त आता ती अंगातलं दुसरं काही काढून वाढत होती.

जानेवारीच्या शेवटी ओतिलिओने त्याची चारही मापं घेतली. पाय सव्वीस. आणि पोटरी, जी मे महिन्यात एकतीस होती, ती एकोणतीस.

त्या संध्याकाळी त्याने जुन्या वह्या काढल्या. शोधायची गरज नव्हती, पान त्याला माहीत होतं. सेकुंदिनो. मोठा जॉकी, पाच वर्षं फळ्यावर वरच्या तीन नावांत. लांब हाडाचा होता, पण परवाना मिळेपर्यंत कसाबसा दबून राहिला आणि नंतर वाढला. दरवर्षी तो नवे बूट शिवायला यायचा, आणि दरवर्षी म्हणायचा, डॉन ओतिलिओ, बुटाचा हा पोटरीवरचा पन्हाळ जरा आत घ्या, सैल होतो. ओतिलिओने घेतला. एकतीस, तीस, साडेअठ्ठावीस, सत्तावीस, सव्वीस. सुबक अक्षरात, एकाखाली एक. पाचव्या वर्षी सेकुंदिनो शर्यतीच्या सकाळी वजन उतरवायच्या गरम खोलीत बसला होता आणि नाव पुकारल्यावर उठला नाही. लोक म्हणाले, अचानक गेला. ओतिलिओच्या वहीत तो पाच वर्षं जात होता, आणि ओतिलिओने दर वर्षी पन्हाळ आत घेऊन दिला होता.

त्याने वही मिटली, परत उघडली, आणि आमेतचं एकोणतीस पुन्हा वाचलं.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात शाळेतून निरोप आला: सोमवारी बापाने यावं.

एवढंच. कशाला ते नाही. ओतिलिओने त्या चार दिवसांत स्वतःला तीन वेळा तुरुंगात घातलं. खोटी सही, खोटा बाप, खोटा नंबर. एक गुन्हा असता तर गयावया तरी करता आली असती. रविवारी त्याने चांगला सदरा धुतला, वाळवला आणि पुन्हा धुतला.

"घाबरू नका हो," दिग्ना म्हणाली, पण तिच्या कढईतली पोळी जळत होती. "काही विचारलं तर खोका."

"खोकू?"

"खोकत राहा. म्हाताऱ्या माणसाला कोण त्रास देतंय?"

सोमवारी सकाळी आमेत शाळेच्या मागे दिसला. खांद्यावर ओटची गोणी, मान खाली, पागेभोवती फेऱ्या मारत होता.

"हे काय करतोयस?"

"तास झाला. ओझं घेतलं की मणके बसतात. अर्धा सेंटिमीटर तरी जातो." त्याचे ओठ पांढरे पडले होते. "रात्रभर उभाच होतो, काका. झोपलं की माणूस लांबतो ना." मग फाटकातून कुणी येताना दिसलं तसं तो म्हणाला, "चला, बाबा."

मास्तरांच्या खोलीत खांब होता, टेबल होतं, आणि मास्तर होते. जाड चष्मा, वाकलेले पाय, आवाज मात्र मैदानभर जाणारा.

"उभा राहा."

आमेतने बूट काढले आणि खांबाशी गेला. ओतिलिओने पाहिलं, पोरगं श्वास सोडून उभं होतं, पोटातली हवासुद्धा काढून टाकलेली. फळी खाली आली.

"एकशे साठ आणि अर्धा." शाळेची हद्द एकशे बासष्ट होती. मास्तरांनी चष्मा वर केला. "चार महिन्यांत चार सेंटिमीटर. हे मला आवडलं नाही." त्यांनी बूट उचलून उलटा केला. "सदतीस. हे मला आवडलं. ओतिलिओ, तू ये इकडे."

"मी?"

"इथे दुसरा कुठला ओतिलिओ आहे? चपला काढ."

म्हातारा खांबाशी गेला. फळी टाळूवर टेकली तेव्हा त्याच्या घशातून खोकला आला, तो मात्र खरा होता.

"एकशे त्रेपन्न. तू आटतोयस, लेका." मास्तर टेबलाशी बसले आणि बोटांवर हिशेब करू लागले. "बाप त्रेपन्न, आई एक्कावन्न. पायाचा नंबर दीड वर्ष तोच. म्हणजे पोरगं थांबलं. झालं तेवढं झालं, आता फार तर अर्धा. मी ग्वाही देतो." त्यांनी एक कागद पुढे सरकवला. "तेच विचारायला बोलावलं. एका मोठ्या पागेचा मालक परवा याला घोडा चालवताना बघून गेला. हात आवडले त्याला. मार्चमध्ये परवाना, एप्रिलपासून त्याचे घोडे. आता वजन आहे बावन्न, ते अठ्ठेचाळीसवर आणायचं. आठ आठवडे. गरम खोली, गोळ्या, जे लागेल ते शाळा बघेल. पोरगं अठराच्या आतलं, म्हणून बापाची संमती लागते. इथे."

आमेतने दोन्ही हात डोक्यावर ठेवले आणि तो खाली बसला. मग उठला, ओतिलिओचा खांदा धरला. "बाबा. बाबा, ऐकलंत?"

ओतिलिओने पेन घेतलं. येताना त्याला पकडलं जायची भीती होती. आता त्याला कुणी पकडत नव्हतं. एका सहीत सगळं सुटत होतं: पोराला घोडे, दिग्नाला सुख, त्याला बाप म्हणून फाटकात ऐटीत उभं राहणं. आणि खांद्यावरच्या त्या हाताची हाडं त्याला सदऱ्यातून मोजता येत होती.

"कर सही," मास्तर म्हणाले.

"मास्तर, गोळ्या कसल्या?"

"पाणी काढायच्या. सगळेच घेतात."

"सेकुंदिनो घ्यायचा?"

मास्तरांनी चष्म्यावरून पाहिलं. "त्याचं आज काय निघालं? त्याचं हाड लांब होतं. याचं आखूड आहे. तुझंच आहे की."

ओतिलिओने पेन खाली ठेवलं. त्याने आमेतकडे बघायचं टाळलं, कारण बघितलं असतं तर बोलता आलं नसतं.

"तो नंबर खोटा आहे."

"कुठला?"

"सदतीस. बूट चाळीसचा आहे. पाय तर आता एक्केचाळीसचा झालाय." एकदा सुरू झाल्यावर त्याला थांबता येईना. "आणि मीही खोटा आहे. माझं पोरगं नाही हे. याचा बाप कोलोनला आहे, एकशे शहाऐंशी. ऑक्टोबरपासून मला ठाऊक आहे, मास्तर. हा अजून जाणार. खूप जाणार. तुम्ही अठ्ठेचाळीसवर आणाल आणि हा वाढत राहील, आणि मी दर वर्षी पन्हाळ आत घेत राहीन."

आमेतने त्याच्या खांद्यावरचा हात काढून घेतला.

"बाबा, गप्प बसा," आमेत म्हणाला. "मास्तर, म्हातारा झालाय तो. काहीही बोलतो. गप्प बसा ना!"

"मोजा काढ," मास्तर म्हणाले.

"मास्तर..."

"मोजा काढ, पोरा."

मास्तर वाकले. दोन वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी त्या पायाकडे पाहिलं. लांब, अरुंद, हाडकुळा पाय, अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्याच्याही पुढे गेलेलं. मग ते टेबलाला धरून सरळ झाले आणि संमतीचा कागद खणात टाकला.

"ओतिलिओ, तुझ्यावर विसंबून मी नंबर बघत होतो. पाय बघत नव्हतो." ते ओरडले असते तर बरं झालं असतं. "उद्यापासून शाळेचे बूट दुसरीकडे. जा." आमेतकडे न बघता ते म्हणाले, "तुला पहाटे घोडे फिरवायला यायचं असेल तर ये. त्याला वजन विचारत नाहीत. पण परवाना विसर."

आमेत बूट न घालता बाहेर पडला. ओतिलिओ बूट हातात घेऊन मागे. मैदानाच्या कुंपणापाशी पोरगं एकदम वळलं.

"ऑक्टोबरपासून?"

"हो."

"मी तुम्हाला विचारलं होतं. तुम्ही म्हणालात तेवढाच आहे. मी चार महिने बर्फ खाल्ला, काका. धाकटी रोज माझ्यावरून उड्या मारायची आणि मी देवाला सांगायचो, पाय वाढला नाही ना, मग बाकीचं तू थांबव." त्याचा आवाज मध्येच घोगरा होऊन फुटला, तोही आता बदलायला लागला होता. "सांगायचंच होतं तर तेव्हा सांगायचं. नाहीतर कधीच नाही."

"मी घाबरलो होतो."

"आणि मी?"

ओतिलिओने बूट पुढे केले. आमेतने घेतले नाहीत.

दिग्नाने त्याला शिव्या दिल्या त्या सगळ्या फाटकाने ऐकल्या. बुटका, भेकड, दुसऱ्याचं लेकरू खाणारा. म्हाताऱ्याने ऐकून घेतल्या. शाळेचं काम गेलं ते गेलंच. पाठोपाठ दोन जॉकीही दुसरीकडे गेले, कारण ज्याचा नंबर एकदा खोटा निघाला त्याच्या बुटांचा घोड्यावर काय भरवसा? तीन आठवडे तो दारात सावली पडली की दचकायचा आणि सावली आखूड निघाली की आणखी दचकायचा. पोरगं खातंय की नाही एवढं तरी कुणी सांगावं, पण विचारायचं कुणाला?

मार्चच्या पहिल्या शनिवारी सावली पडली ती थेट आतल्या भिंतीपर्यंत गेली. आमेत होता. पायात बापईमाणसाच्या रबरी चपला, टाचा मागे लटकलेल्या. गालाला थोडं मांस आलं होतं. तो नेहमीच्या स्टुलावर बसला आणि त्याचे गुडघे छातीजवळ आले.

"आईला कळू देऊ नका मी आलोय म्हणून."

"बरं."

"पहाटे घोडे फिरवतो. मास्तर बोलत नाहीत, पण चांगला घोडा देतात." तो थांबला. "कामाचे बूट पाहिजेत. साधे. पैसे हप्त्याने."

"बघू ते."

"नाही, बघू नाही. हप्त्याने." मग हळू आवाजात, "रात्री आता जास्त ठणकतात. मांड्यासुद्धा. कधीकधी वाटतं, थांबणारच नाही हे. चालतच राहणार. असं होतं कुणाला?"

"थांबतं."

"तुम्ही आधीही असंच सांगितलं होतं."

ओतिलिओने खाकी कागद अंथरला, पाय हातात घेऊन त्यावर ठेवला. पाय गार होता. रेघ मारून झाल्यावर त्याने पट्टी लावली. आमेत यावेळी छताकडे बघत नव्हता. पट्टीकडे बघत होता.

"सव्वीस," ओतिलिओने मोठ्याने वाचलं, "आणि वर चार रेषा."

"जानेवारीत?"

"नुसते सव्वीस."

आमेतने स्टुलाची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली. "म्हणजे अजून."

"अजून."

पोराने एकदा मान हलवली. ओतिलिओने आकडा वहीत लिहिला, आणि वही फिरवून त्याच्यासमोर धरली. त्याने वाचून घेतला.

"दुसरा पाय दे," म्हातारा म्हणाला.